फाउंड फुटेज भयपट

फाउंड फुटेज भयपट हा भयपटांचा एक उपप्रकार आहे. ‘फाउंड फुटेज’ याचा शब्दशः अर्थ ‘सापडलेले चित्रीकरण’ असा होतो. चित्रपटातील पात्रांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने केलेले चित्रीकरण ती पात्रे बेपत्ता किंवा मृत झाल्यावर कोणाच्या तरी हाती लागले आणि तेच जसेच्या तसे प्रेक्षकांना दाखवले जात आहे, अशी या प्रकारातील मूळ कल्पना असते. त्यामुळे हलणारी चौकट, अपुरा प्रकाश, अर्धवट तुटलेले संवाद आणि पार्श्वसंगीताचा अभाव हे सामान्य चित्रपटातील दोष येथे विश्वासार्हतेची खूण ठरतात. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) या अमेरिकन चित्रपटामुळे हा प्रकार जगभर परिचित झाला. त्या चित्रपटाने एका पिढीला जी भीती दिली, ती नंतरच्या पिढ्यांना वाटते का, हा या प्रकाराच्या अभ्यासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पूर्वपीठिका

सापडलेल्या कागदपत्रांतून भयकथा सांगण्याची रीत चित्रपटाहून जुनी आहे. ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ही कादंबरी पात्रांच्या रोजनिश्या, पत्रे आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांतून उलगडते. निवेदक बाजूला सरतो आणि वाचकाच्या हाती जणू पुरावाच ठेवला जातो. आपल्याकडे गावोगावी सांगितल्या जाणाऱ्या भुताच्या गोष्टींतही ‘माझ्या मामांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले’ असा एक साक्षीदार असतोच, आणि तो काढून घेतला तर गोष्टीचा अर्धा जीव जातो. फाउंड फुटेज भयपटात हे साक्षीदाराचे काम कॅमेरा करतो.

इटालियन दिग्दर्शक रुजेरो देओदातो यांचा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ (१९८०) हा या प्रकारातील पहिला मोठा भयपट मानला जातो. ॲमेझॉनच्या जंगलात गेलेले माहितीपटकार परतत नाहीत आणि त्यांचे चित्रीकरण मात्र सापडते, असे त्याचे कथानक आहे. चित्रपट इतका खरा वाटला की दिग्दर्शकावर कलावंतांना प्रत्यक्ष ठार मारल्याचा संशय घेण्यात आला आणि ते जिवंत असल्याचे त्यांना दाखवून द्यावे लागले. या चित्रपटात प्राण्यांना मात्र खरोखरच मारण्यात आले होते. त्यामुळे तो आजही निषेधाचा विषय आहे आणि तो निषेध रास्त आहे.

दूरचित्रवाणीवरील ‘घोस्टवॉच’ हा कार्यक्रम बीबीसीने ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी दाखवला. लेखक स्टीफन व्होल्क यांनी लिहिलेले हे नाटक आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेले होते, परंतु त्याची मांडणी एका झपाटलेल्या घरातून चाललेल्या थेट प्रक्षेपणासारखी होती. मायकेल पार्किन्सन यांच्यासारखे ओळखीचे सूत्रसंचालक त्यात स्वतःच्याच नावाने वावरत होते. अनेक प्रेक्षकांनी ते खरे मानले. १९९४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा कार्यक्रम पाहिल्यानंतर दहा वर्षांच्या दोन मुलांमध्ये आढळलेल्या आघातोत्तर तणावाच्या लक्षणांची नोंद प्रसिद्ध झाली. ओळखीच्या चेहऱ्यावरचा विश्वास हेच येथे भीतीचे मुख्य साधन होते. ते चेहरे ज्यांच्या घरी कधी आले नाहीत, त्यांना ‘घोस्टवॉच’ आज एक हुशारीने रचलेले नाटक वाटते, ते यामुळेच.

द ब्लेअर विच प्रोजेक्ट

डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची लांबी साधारण ८१ मिनिटे आहे. ऑक्टोबर १९९४ मध्ये तीन विद्यार्थी मेरीलँड राज्यातील बर्किट्सव्हिल गावाजवळच्या जंगलात तेथील चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करण्यासाठी गेले आणि नाहीसे झाले, वर्षभराने त्यांचे चित्रीकरण सापडले, असे सुरुवातीचा मजकूर सांगतो. बर्किट्सव्हिल हे खरे गाव आहे. चेटकिणीची दंतकथा मात्र दिग्दर्शकांनी रचलेली आहे. चित्रपट गाजल्यावर कुतूहलाने आलेल्या लोकांनी या छोट्या गावाच्या नावाची पाटी चोरून नेली, हा त्या दंतकथेचा गावाला झालेला खरा उपद्रव.

हेदर डोनाह्यू, मायकेल विल्यम्स आणि जोशुआ लेनर्ड या तीन कलावंतांनी आपलीच नावे पात्रांना दिली. ऑक्टोबर १९९७ मध्ये आठ दिवसांत बहुतेक चित्रीकरण झाले. तंत्रज्ञांचा ताफा जंगलात सोबत नव्हता. हाय-८ व्हिडिओ कॅमेरा आणि १६ मिमी फिल्मचा कॅमेरा कलावंतच चालवत होते. ठरलेल्या ठिकाणी ठेवलेल्या डब्यांतून प्रत्येकाला त्या दिवसाच्या सूचना वेगळ्या चिठ्ठीवर मिळत. एकाला काय सांगितले आहे हे दुसऱ्याला ठाऊक नसे. संवाद बव्हंशी उत्स्फूर्त होते. दिवसागणिक अन्न कमी केले जाई आणि रात्री तंबूभोवती दिग्दर्शक स्वतः आवाज करत. पडद्यावर दिसणारा थकवा आणि चिडचिड यांतील काही भाग त्यामुळे अभिनयाच्या पलीकडचा आहे. सुमारे वीस तासांच्या चित्रीकरणातून अंतिम चित्रपट संकलित झाला.

चित्रपटात चेटकीण एकदाही दिसत नाही. दगडांचे लहान ढीग, काटक्या बांधून केलेल्या आकृत्या, रात्री दुरून ऐकू येणारी मुले आणि शेवटी एका पडक्या घराचे तळघर, एवढ्याच सामग्रीवर तो उभा आहे. शेवटच्या दृश्यात एक पात्र भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभे असते आणि कॅमेरा खाली पडतो. या दृश्याचा अर्थ ज्याला लागतो तो हादरतो, ज्याला लागत नाही तो ‘एवढेच?’ असे विचारतो. किल्ली सुरुवातीच्या एका मुलाखतीत आहे. एक खुनी मुलांना मारताना एकाला कोपऱ्यात तोंड करून उभे करत असे, असे एक गावकरी सहज सांगून जातो. ते वाक्य निसटले तर शेवटही निसटतो.

जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स महोत्सवात चित्रपट दाखवला गेला आणि आर्टिझन एंटरटेनमेंट या कंपनीने तो सुमारे ११ लाख डॉलरांना विकत घेतला. १९९८ पासूनच एक संकेतस्थळ या दंतकथेचा कालक्रम, पोलिसी छायाचित्रे आणि बेपत्ता विद्यार्थ्यांची माहिती खऱ्यासारखी मांडत होते. एका वाहिनीवर ‘कर्स ऑफ द ब्लेअर विच’ हा बनावट माहितीपटही प्रदर्शनापूर्वी दाखवण्यात आला. चित्रपटविषयक माहितीकोशात कलावंतांपुढे ‘बेपत्ता, बहुधा मृत’ अशी नोंद होती. ज्या चित्रीकरणाचा मूळ खर्च काही दहा हजार डॉलर होता, त्या चित्रपटाने जगभरात सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर मिळवले.

भीतीचे स्वरूप

चित्रपटातील भीती साधारण दोन प्रकारची असते. पहिली दचकण्याची. अचानक मोठा आवाज झाला की शरीर आकसते. ही प्रतिक्षिप्त क्रिया असून तिला श्रद्धा, वय किंवा चित्रपटाचे ज्ञान यांची फारशी गरज नसते. दुसरी धास्तीची. पुढे काहीतरी वाईट होणार आहे ही जाणीव मनात साठत जाते. ती कल्पनाशक्तीवर आणि समोरच्या गोष्टीला आपण किती खरे मानतो यावर अवलंबून असते. दचकवणारा चित्रपट पन्नास वर्षांनीही दचकवू शकतो. धास्तीचा चित्रपट मात्र प्रेक्षकाच्या सवयी बदलल्या की अडचणीत येतो. ‘ब्लेअर विच’ जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या प्रकारात मोडतो.

भारतीय काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक जुनी चर्चा आठवेल. भयानक रसाचा स्थायीभाव भय, परंतु रसिकाला होणारा प्रत्यय म्हणजे प्रत्यक्ष भय नव्हे. अभिनवगुप्तांनी ‘शाकुंतल’मधील पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेऊन हे स्पष्ट केले आहे. हरणाचे भय विशिष्ट स्थळ, काळ आणि व्यक्ती यांतून सुटून साधारण होते आणि म्हणूनच ते आस्वाद्य होते. फाउंड फुटेज भयपटाची सारी धडपड याच्या उलट दिशेची आहे. तो तारीख, गाव आणि नावे देतो आणि हे अमुक एका माणसाला खरोखर झाले असे बजावतो. साधारणीकरण होऊ न देणे हेच त्याचे तंत्र. मात्र पंचवीस वर्षांनी ते नाटक आहे हे सर्वांना ठाऊक झाल्यावर उरते ते पुन्हा साधारण झालेले भयच. तेवढ्यावर चित्रपट तगतो का, ही त्याची खरी परीक्षा.

पिढ्यांतील फरक

१९९९ मध्ये तरुण असलेल्या प्रेक्षकांच्या दृष्टीने हलणारे, दाणेदार व्हिडिओ चित्र म्हणजे घरचे लग्न, सहल किंवा बातम्यांतील दुर्घटना. कथाचित्रपट स्थिर आणि चकचकीत असत. त्यामुळे चित्राचा पोत पाहूनच ‘हे खरे आहे’ असा निर्णय डोळे आधी घेत आणि बुद्धी नंतर. आंतरजालही नवे होते. तेथे लिहिलेली गोष्ट कोणी मुद्दाम रचली असेल ही शंका अजून अंगवळणी पडली नव्हती. अर्थात त्या वेळच्या प्रत्येकाला चित्रपट खरा वाटला असे म्हणणे चुकीचे ठरेल. कलावंत चित्रपट चालू असतानाच दूरचित्रवाणीवरील मुलाखतींत दिसू लागले होते, आणि ‘काहीच घडत नाही’ ही तक्रार पहिल्या आठवड्यापासूनची आहे. हेदर डोनाह्यू यांना वर्षातील सर्वांत वाईट अभिनेत्रीचा उपहासात्मक रॅझी पुरस्कारही मिळाला. तरीही ‘खरे असेल तर?’ ही फट तेव्हा उघडी होती.

२००० च्या आसपास किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रेक्षकांसाठी ती फट बंद आहे. चित्रपटाचे नाव कानावर पडते तेच त्याच्या प्रसिद्धीच्या युक्तीसह. शिवाय प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असल्याने हलणारे चित्रीकरण ही आता विशेष गोष्ट राहिलेली नाही आणि बनावट चित्रफिती ओळखण्याची सवय लहानपणीच लागते. कथेतील संकटही परके झाले आहे. तिघे विद्यार्थी नकाशा गमावतात आणि दिवसभर चालून पुन्हा त्याच ओढ्यापाशी येतात. ज्याने फोनवरील निळ्या ठिपक्याशिवाय कधी वाट शोधली नाही, त्याला हा प्रसंग एकतर कंटाळवाणा वाटतो किंवा, काहींच्या बाबतीत, पूर्वीच्या प्रेक्षकाला वाटला त्याहून भयंकर. वाट चुकणे म्हणजे काय, हे अशा प्रेक्षकाला प्रथमच कळत असते.

पाहण्याची रीतही बदलली. अंधाऱ्या चित्रपटगृहात दीड तास नजर हलवता येत नाही. मोठ्या पडद्यावरील हिसक्यांनी अनेकांना मळमळले. ‘क्लोव्हरफील्ड’ (२००८) या चित्रपटाच्या वेळी तर काही चित्रपटगृहांनी तशी सूचनाच लावली. घरच्या लहान पडद्यावर मळमळ कमी होते, पण दबावही कमी होतो. हातात दुसरे काम घेऊन पाहणाऱ्याच्या कानांवरून कोपऱ्यात उभ्या केलेल्या मुलाचे वाक्य सहज निघून जाते. तरुणांना हा चित्रपट भीतिदायक वाटत नाही, हे विधान तपासताना तो कसा पाहिला गेला हे आधी विचारले पाहिजे. शक्य असेल तर दिवे मालवून, एकट्याने आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहावा. मग मत द्यावे.

वयाचा परिणाम पिढीच्या परिणामाहून वेगळा आहे आणि या दोहोंची गल्लत नेहमी होते. लहान मुले विद्रूप रूपाला घाबरतात. वय वाढते तसे न दिसणारे परंतु शक्य असलेले संकट अधिक भेडसावते, असे अमेरिकन संशोधक जोअॅन कँटर यांच्या अभ्यासांतून दिसले आहे. अणुहल्ल्यावरील ‘द डे आफ्टर’ हा दूरचित्रपट १९८३ मध्ये दाखवला गेला, तेव्हा लहान मुले सर्वांत कमी अस्वस्थ झाली, किशोरवयीन अधिक आणि पालक सर्वाधिक, असे त्यांच्या पाहणीत आढळले. या न्यायाने, ज्यात राक्षस दिसतच नाही असा ‘ब्लेअर विच’ दहा वर्षांच्या मुलाला मिळमिळीत आणि त्याच्या आईला असह्य वाटणे स्वाभाविक आहे. आईला त्यात चेटकिणीपेक्षा घरी न परतलेली मुले दिसतात. त्याच वेळी जुन्या पिढीच्या आठवणींनाही जपून घ्यावे लागते. हॅरिसन आणि कँटर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९० टक्के जणांनी लहानपणी पडद्यावर पाहिलेल्या एखाद्या गोष्टीची भीती नंतरही टिकून राहिल्याचे सांगितले होते. ‘आमच्या वेळचे चित्रपट खरे भीतिदायक’ असे सांगणारा माणूस पुष्कळदा चित्रपटाविषयी बोलत नसतो. तो पंधराव्या वर्षीच्या स्वतःविषयी बोलत असतो.

नंतरचे चित्रपट

प्रत्येक पिढीने हा प्रकार आपल्या रोजच्या उपकरणाशी जोडून घेतला, असे त्याच्या इतिहासावरून दिसते. ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ सॅन डिएगो येथील स्वतःच्याच घरात सुमारे १५ हजार डॉलरांत चित्रित केला. तो २००७ मध्ये महोत्सवात दाखवला गेला आणि २००९ मध्ये सर्वत्र प्रदर्शित झाल्यावर जगभरात सुमारे १९ कोटी डॉलर मिळवू शकला. यात कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर ठेवलेला असतो. झोपलेले जोडपे, कोपऱ्यात सरकणारे घड्याळाचे आकडे आणि उघडे दार एवढेच दिसते. प्रेक्षक स्वतःच चौकटभर नजर फिरवत काय हलले ते शोधू लागतो. जंगल सर्वांच्या वाट्याला येत नाही, पण झोपावे सर्वांनाच लागते. म्हणून हा चित्रपट ‘ब्लेअर विच’पेक्षा कमी जुना झाला आहे.

स्पेनमधील ‘रेक’ (२००७) वार्ताहराच्या कॅमेऱ्यातून संसर्ग पसरलेली इमारत दाखवतो. जपानमधील ‘नोरोई’ (२००५), ऑस्ट्रेलियातील ‘लेक मुंगो’ (२००८) आणि दक्षिण कोरियातील ‘गोंजियाम: हॉन्टेड असायलम’ (२०१८) हेही उल्लेखनीय आहेत. त्यांपैकी ‘लेक मुंगो’ हा भीतीपेक्षा शोकाचा चित्रपट आहे आणि म्हणूनच वयस्क प्रेक्षकांनी तो आवर्जून पाहावा. ‘अनफ्रेंडेड’ (२०१४) संपूर्णपणे लॅपटॉपच्या पडद्यावर घडतो. रॉब सॅव्हेज यांचा ‘होस्ट’ (२०२०) टाळेबंदीच्या काळात, कलावंत आपापल्या घरी असताना झूमवर चित्रित झाला. तासाभराहून कमी लांबीच्या या चित्रपटात मोफत बैठकीची संपत आलेली वेळ हेच शेवटचे भय ठरते. त्या वर्षी ज्यांचे वर्ग आणि कार्यालये याच चौकटींत भरत होती, त्यांना यातील प्रत्येक खूण समजावून सांगावी लागली नाही.

सर्वांत लक्षणीय उलटफेर यूट्यूबवर झाला आहे. ‘लोकल ५८’ (२०१५ पासून) आणि केन पार्सन्स यांनी किशोरवयात केलेली ‘द बॅकरूम्स’ (२०२२) या मालिका जुन्या व्हिडिओ कॅसेटचा पुसट पोत मुद्दाम वापरतात. त्यांचा मोठा प्रेक्षकवर्ग असा आहे की ज्याने घरी कॅसेट वाजताना पाहिलेली नाही. १९९९ मध्ये हा पोत ‘काल घडलेले’ सुचवत होता, आता तो ‘कोणे एके काळी घडलेले’ सुचवतो. म्हणजे ज्या धूसरपणामुळे ‘ब्लेअर विच’ खरा वाटला, तोच आता त्याला प्राचीन दस्तऐवजाची कळा देतो आणि काही तरुण प्रेक्षक त्याच वाटेने त्याच्याकडे परत येतात. २०१६ मध्ये आलेल्या ‘ब्लेअर विच’ या पुढील भागात ड्रोन आणि कानाला लावायचे स्वच्छ चित्राचे कॅमेरे होते, तरी त्याची छाप मूळ चित्रपटाइतकी पडली नाही. सारे स्पष्ट दिसू लागले की या प्रकारात पाहण्यासारखे थोडेच उरते.

भारतातील प्रयत्न

दिबाकर बॅनर्जी यांचा ‘लव्ह सेक्स और धोखा’ (२०१०) भयपट नसला तरी हातातला कॅमेरा, दुकानातील पाळत-कॅमेरा आणि छुपा कॅमेरा यांतून कथा सांगण्याची रीत हिंदी प्रेक्षकांपुढे त्याने ठळकपणे आणली. त्यानंतर पवन कृपलानी दिग्दर्शित ‘रागिणी एमएमएस’ (२०११) आणि गिर्यारोहणाला गेलेल्या मित्रांवरील कन्नड ‘६-५=२’ (२०१३) हे भयपट आले. नंतरचा २०१४ मध्ये हिंदीतही झाला. भारतीय प्रेक्षक गाणी आणि पार्श्वसंगीत यांना सरावलेला असल्याने शांततेतून भीती निर्माण करणे येथे अधिक अवघड जाते.

कलावंतांचा प्रश्न

या प्रकारात कलावंत अनोळखी असावा लागतो आणि चित्रपट यशस्वी झाला तरी काही काळ त्याने अदृश्य राहावे अशी अपेक्षा असते. ‘ब्लेअर विच’च्या तिन्ही कलावंतांना प्रसिद्धीच्या काळात लोकांसमोर न येण्यास सांगण्यात आले होते. त्यांची खरी नावे मृत पात्रांना जोडली गेली. हेदर डोनाह्यू यांनी पुढे अभिनय सोडला आणि नावही बदलून रे हान्स असे घेतले. चित्रपटाच्या उत्पन्नाच्या मानाने तिघांना मिळालेला मोबदला अत्यल्प होता. नवा भाग काढण्याची घोषणा झाल्यावर २०२४ मध्ये तिघांनी लायन्सगेट या हक्कधारक कंपनीकडे जाहीर निवेदन देऊन मागील आणि पुढील उत्पन्नात वाटा, तसेच आपली नावे व प्रतिमा वापरण्यापूर्वी आपल्याशी सल्लामसलत करण्याची मागणी केली.